हमीच्या टेबलावर

सोमवारी खोकी येतात.
लुइस्टनच्या या शेडमध्ये, नदीकडच्या भिंतीला लागून
चार टेबलं. माझं शेवटचं, हीटरपासून लांब.
चाकूने पट्टी कापायची, बुडबुड्यांचा कागद सोडायचा,
आत दुर्बीण, बंदुकीवरून उतरवलेली,
कडेवरून खाली ठेवलेल्या पोरासारखी
कुठं बघावं ते न कळणारी.

सोबत चिठ्ठी. चिठ्ठ्या बहुतेक खोट्या.
'आपोआप झालं' म्हणणाऱ्याच्या नळीवर
पिकअपच्या टायरची नक्षी असते.
'एकदाही पडली नाही', आणि काचेच्या कडेला
दगडाचा पांढरा चावा.
आम्ही विचारत नाही. आमची हमी आजीवन,
पावती नको, कारण नको.
कुणाचं जीवन, ते मात्र छापलेलं नाही.

ही शोटोहून आली, लोकरी मोज्यात.
ऑरिन हॉग्सरूडचं अक्षर, इतकं दाबून लिहिलेलं
की कागदाच्या पाठीवरून बोटाने वाचता यावं:
"आत धुकं धरतंय.
खांद्याने नकार दिला तेव्हा वडिलांनी ही बंदुकीवरून काढली,
पुढं चार वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून
समोरच्या धारेवरचे एल्क मोजत बसायचे.
बंदूक मी विकली. घाई झाली.
नवी पाठवू नका, तुमचा नियम मला माहीत आहे.
आणि वरच्या चकत्या फिरवू नका.
त्यांनी लावल्यात तशा राहू देत."

चकत्या न फिरवता तपासता येत नाही.
या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायच्या,
प्रत्येक टिक् कानाने मोजायची,
एखादी जरी गिळली तर दोष.
मी आधी तळहातावर पेनाने लिहून घेतलं:
वर एकोणीस, उजवीकडे तीन.

उजवीकडे तीन.
त्या खोऱ्यातला वारा असेल,
की घोड्यावरच्या बोटाची ओढ,
की त्या बंदुकीचाच जुना हट्ट.

मग कोमट पाण्याची टाकी. बुडवून धरायची, थांबायचं.
बुडबुडे आले, डोळ्याकडच्या रबरी कडीतून,
मोहरीएवढे, एकामागून एक, कसलीच घाई नसलेले.
कारखान्यात भरलेला नायट्रोजन केव्हाच निघून गेला असणार.
वर येत होतं ते त्या घरातलं:
कॉफीची वाफ, तव्यावरचा धूर,
खिडकीला टेकलेल्या माणसाने
काचेजवळ सोडलेलं काहीतरी.
"सापडली गळती?" विंडेलने पलीकडून विचारलं.
सापडली, म्हटलं.
हात मात्र पाण्यातच राहिला,
शेवटचा बुडबुडा येईपर्यंत.

नियम असा, की नळी चेपली असेल तर ती भंगारात
आणि गिऱ्हाईकाला नवी.
चेपली होती. अगदी किंचित,
अंगठा फिरवल्याशिवाय कळू नये इतकी.
मी अंगठा फिरवला होता.
रकान्यात लिहिलं: नळी ठीक.

नवी कडी. आतली हवा ओढून घेतली, कोरडा वायू भरला.
पुन्हा पाणी. काही नाही.
मशीनवर हजार धक्के, एकाही गोळीविना;
फुलीचा केसही हलला नाही.
मग तळहात उघडला. घामाने एकोणीसमधला नऊ पुसट झाला होता,
पण होता.
एकोणीस. तीन.

खाली बंदूक नाही. ती आता कुणाच्या तरी
गाडीत असेल, दुसरीच काच डोक्यावर घेऊन.
हा नेम आता कशालाच लागायचा नाही,
तरी धरून ठेवला.
टिकेल का, असं लोक फोनवर विचारतात.
'काय नेम' असं मी म्हणू शकत नाही;
पगार मला हमीचा मिळतो.

मोजा धुवावा की नाही, ते ठरेना.
टाचेला भोक, त्यात बारीक गवत अडकलेलं.
तसाच परत गुंडाळला.

पुढचं खोकं ओलं होतं, कोपऱ्यातून वाळू गळत होती.
वरच चिकटवलेली चिठ्ठी:
एकदाही पडली नाही.